मधुकरभाऊंची शनिवारची सीडी

मधुकरभाऊ,

तुम्ही गेल्याचा फोन वहिनींनी केला तेव्हा मी नागपूरला ऑफिसात होते. "कल्पनाबाई, तुमचे भाऊ गेले," एवढंच त्या म्हणाल्या. माझ्या तोंडून निघालं, "आता?" त्यांना वाटलं मी वेळ विचारतेय. म्हणाल्या, "सकाळीच. आंघोळीले जातो म्हणले अन् तिथंच बसले."

वेळेशी मला काही देणंघेणं नव्हतं. आता काय म्हणून गेलात, असं मला विचारायचं होतं. आपलं भांडण व्हायचं होतं, भाऊ. सहा वर्षं मी ते मनात करत आले. कुठून सुरू करायचं, तुम्ही काय म्हणाल, त्यावर मी काय म्हणेन, सगळं पाठ होतं. आणि तुम्ही आंघोळीला गेलात ते गेलातच. तुमच्या सोयीनं. नेहमीसारखं.

कॉलेजात शोकसभा झाली. मी गेले. सगळ्यांनी तुम्हाला देवमाणूस केलं. मेकॅनिकलचे ते सर म्हणाले, "मधुकरराव म्हणजे कॉलेजचा कणा." मला उठून सांगावंसं वाटत होतं की ह्या कण्यानं माझा कणा मोडला. नाही उठले. कोणी मला बोलायला सांगितलंही नाही. म्हणून इथे लिहितेय.

उपकारांपासून सुरू करते, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की पोरगी कृतघ्न निघाली.

मला नोकरीवर तुम्ही घेतलंत. देवळीहून एसटीनं आले होते, डिप्लोमाची फाइल छातीशी धरून. मुलाखतीला बसलेल्या दोघांनी मला विचारलं, लग्न ठरलंय का, आणि ठरलं की नोकरी सोडणार का. तुम्ही खुर्ची मागे सरकवलीत आणि म्हणालात, "थे तिचं ती पाहीन. चाल बाई, मशीन खोलून दाखव." कोपऱ्यात एक बंद पडलेला कॉम्प्युटर होता. मी स्क्रू काढले, मेमरीची पट्टी काढून ओढणीनं पुसली, परत बसवली. सुरू झाला. तुम्ही हसलात. "हे झालं. बाकीचं शिकवतो मी."

आणि शिकवलंत. तुम्ही स्वतः कुठे शिकला होता? वर्ध्यात रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करता करता कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये लागलात, आणि नव्वदीच्या शेवटी शेवटी, जिल्ह्यात कितीक लोकांना ईमेल हा शब्दही ठाऊक नसताना, इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी घेऊन वाचत कॉलेजची सगळी मेलची व्यवस्था एकट्यानं उभी केलीत. एंटर दाबायच्या आधी कमांड मोठ्यानं वाचायची, ही तुमची शिकवण. कुठल्याही फाइलला हात लावायच्या आधी तिची प्रत काढून नावात तारीख घालायची, ही तुमची. मी आजही कमांड मोठ्यानं वाचते. ऑफिसातली पोरं हसतात. हसू देत.

झाले उपकार.

आता ती मशीन. तुमची लाडकी. मेलचा गेटवे. बाहेरून कॉलेजात येणारं प्रत्येक पत्र आधी तिच्यापाशी थांबायचं, नाक्यावर ट्रक थांबतो तसं. ती ते तपासायची, व्हायरस असला तर अडवायची, नाहीतर आतल्या सर्व्हरकडे सोडायची. कोणतं घ्यायचं, कोणतं परतवायचं, कोणाचं पत्र कोणत्या विभागात पाठवायचं, हे सगळे नियम तुम्ही चार-पाच वर्षांत एकेक ओळ करून लिहिले होते. त्यालाच आपण कॉन्फिगरेशन म्हणायचो. मशीन विकत मिळते, ते नियम मिळत नाहीत. म्हणून दर शनिवारी तुम्ही त्यांचा बॅकअप सीडीवर घ्यायचात, सीडीवर स्केच पेननं तारीख घालायचात आणि रजिस्टरमध्ये लिहायचात, "बॅकअप ओके." मग कपाटाला कुलूप. किल्ली तुमच्या जानव्याला.

ती सीडी परत घालून एकदा पाहू या, असं मी किती वेळा म्हणाले असेन? लॅबमध्ये एक जुना पीसी रिकामाच पडला होता. त्यावर सगळं रिस्टोअर करू, चालतं का बघू, अर्ध्या दिवसाचं काम. तुमचं उत्तर ठरलेलं. "देवाले रोज उठून इचारते का तू, का बाप्पा हाएस का नाई म्हणून?"

लॅबमधले सगळे हसायचे. मीही हसायचे. लाज वाटते त्याची.

मग डिस्क भरली. व्हायरसचे अडवलेले मेल साठून साठून त्या गेटवेवर जागा उरली नाही. तुम्ही नवी हार्डडिस्क आणलीत आणि मला सांगितलंत, "जागा कर कशीबी." मी गेटवेचं अख्खं फोल्डर नव्या डिस्कवर हलवलं. जुन्या जागी एक लिंक ठेवली. लिंक म्हणजे चिठ्ठी: माल आता त्या खोलीत आहे, तिकडे जा. मशीनला काही फरक कळला नाही. मी तुम्हाला कँटीनमध्ये सांगितलं, तुम्ही आलूबोंडा खात होता. "बरं केलं," म्हणालात. तुम्ही रजिस्टर कपाटातून काढलंत तेव्हा त्यातही लिहिलं, तारखेसकट, सही करून.

बॅकअपच्या कमांडला मात्र फरक पडला होता. ती जुन्या जागी जायची, तिथली चिठ्ठी उचलायची आणि सीडीवर ठेवायची. माल नाही, फक्त चिठ्ठी. सात शनिवार तुम्ही चिठ्ठीचा बॅकअप घेतला आणि सात वेळा लिहिलंत, "बॅकअप ओके." फाइल केवढी झाली हे एकदा जरी पाहिलं असतं तरी कळलं असतं. माझी चूक मी नाकारत नाही. हलवल्यावर मी स्वतः तपासायला हवं होतं. तुमच्या कपाटाची किल्ली मागायची हिंमत करायला हवी होती. ते माझं. माझ्या वाट्याचं मी घेतलं आहे आणि अजून उतरवलेलं नाही.

सोमवारी लोडशेडिंग संपून लाइट आली आणि नवी डिस्क गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या आधीच मेलेल्या होत्या. डिस्क करकरली आणि गप्प झाली. तुम्ही शांत होता. कपाट उघडलंत, शेवटची सीडी काढलीत, माझ्याकडे बघून म्हणालात, "पाह्य आता. याच्यासाठी असते बॅकअप." सीडी घातलीत. पडद्यावर एकच ओळ आली. फाइल एकच, आणि ती लिंक.

तुमचा चेहरा मी विसरलेले नाही, भाऊ. तेव्हा मला तुमची कीव आली होती. त्याचाही आता राग येतो.

तुम्ही तिच्या आधीची सीडी घातलीत. मग तिच्याही आधीची. आठवी सीडी दोन महिन्यांपूर्वीची. तिच्यात माल होता, पण सीडी पोपडे धरून खराब झालेली. निम्म्या फाइली वाचल्याच गेल्या नाहीत.

मंगळवारी सकाळी मी जे म्हणाले ते इथे नीट लिहून ठेवते, कारण आपलं खरं भांडण ते आहे. बाकीचं सगळं त्यानंतरचं. मी म्हणाले, "भाऊ, नियमबियम राहू द्या. कोऱ्या मशीनवर साधी मेलची व्यवस्था टाकू. येईल ते घ्यायचं आणि आत सोडायचं. एका तासाचं काम आहे. गाळणी नंतर लावू."

तुम्ही म्हणालात, "इना गाळणीचं पाणी पाजू का लोकांले? सगळ्या कॉलेजात व्हायरस पसरन."

"दोन दिवस पसरला तर पसरू द्या. अँटिव्हायरस आहे ना आतल्या मशीनींवर. प्लेसमेंटचे दिवस आहेत."

"मले शिकवून राह्यली का तू?"

पासवर्ड मलाही माहीत होता. तुम्ही दुपारी जेवायला गेला होता, तासभर लॅबमध्ये मी एकटी होते. करू शकले असते. केलं नाही. तुमच्यावर चिडते तेव्हा हा तास आठवतो आणि राग दोघांत वाटला जातो.

मग तुम्ही बसलात आणि आठवून आठवून नियम लिहायला लागलात. मंगळवार, बुधवार, गुरुवार. हे मान्य करायलाच हवं की तसं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. डोळे मिटून एकेक ओळ सांगत होता, मी टाइप करत होते. कोणत्या प्राध्यापकाचं पत्र कुठे जातं, कोणती यादी कोणाची, स्वल्पविराम कुठे. चारशेच्या वर नावं. मला वाटलं, हा माणूस अफाट आहे. आणि तो त्या तीन दिवसांत काय करत होता? आपली मूर्ती परत घडवत होता. दार बंद ठेवून.

बाहेर पत्रं उभी होती. पाठवणारी मशीन लगेच हार मानत नाही. आज दार बंद, तासाभरानं पुन्हा ठोठावते, मग पुन्हा, चार-पाच दिवस. शुक्रवारी दुपारी गेटवे सुरू झाला आणि ती सगळी एकदम आत आली. तुम्ही टाळी वाजवलीत. "एकबी नाई हरवलं!" खरंच हरवलं नव्हतं. मी यादी वरून खाली पाहत होते. सोमवारी दुपारी निघालेलं एक पत्र होतं, एका कंपनीचं, आपल्या अकरा पोरा-पोरींच्या नावानं. लेखी परीक्षा, नागपूर, गुरुवार, सकाळी दहा.

मी ते मोठ्यानं वाचलं. तुम्ही टाळीचे हात तसेच खाली घेतलेत.

कॉलेजनं कंपनीला फोन केले. कंपनी म्हणाली, पत्र पाठवलं होतं, यंदाची भरती संपली.

अकरांतल्या दहा जणांचं पुढे कुठे ना कुठे जमलं. वैशाली राहिली. वैशाली हायवेवरच्या जाम गावची, तिच्या वडिलांचं चौकात ट्रकांच्या टायरचं पंक्चर काढायचं दुकान होतं. कंपनीनं आधी एकदा तिला फोनवर प्रश्न विचारले होते आणि बाई तुझं झाल्यातच जमा आहे, असं सांगितलं होतं. वडिलांनी चौकात पेढे वाटले होते. पुढच्या सोमवारी ते एसटीनं कॉलेजात आले. हातांच्या भेगांत काळं भरलेलं, अंगात धुतलेला सदरा. तुम्ही त्यांना दारातून येताना पाहिलंत आणि मागच्या दारानं वर्कशॉपकडे गेलात. मी पाहिलं तुम्हाला जाताना.

ते माझ्यासमोर उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. "मॅडम," ते म्हणाले, "माया पोरीचा कागद कुठी अडकला होता?"

मी मशीनकडे बोट दाखवलं.

त्यांनी बराच वेळ त्या डब्याकडे पाहिलं. "याच्यात?"

"हो."

"खोलता नाई आलं कोनाले?"

काय सांगायचं होतं मी, भाऊ? की खोलता येत होतं? की एका तासाचं काम होतं? मी म्हणाले, "नाही आलं." तुमच्यासाठी खोटं बोलले. ते हात जोडून गेले. हात जोडले त्यांनी मला.

आणि दोनच दिवसांनी मीटिंगमध्ये तुम्ही त्या खोट्याची परतफेड केलीत. प्राचार्य, मेकॅनिकलचे सर, ट्रस्टचे एक जण, तुम्ही, मी. प्राचार्यांनी विचारलं, बॅकअप का नव्हता? तुम्ही टेबलाकडे बघत म्हणालात, "बॅकअप दर शनिवारी हाए सर. मॅडमनं मले न सांगता फोल्डर हलवलं."

मला आधी कळलंच नाही की मॅडम म्हणजे मी. तुम्ही मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं.

मी म्हणाले, "भाऊ, कँटीनमध्ये सांगितलं ना तुम्हाला. रजिस्टरमध्ये लिहिलंय." प्राचार्य म्हणाले, आणा रजिस्टर. तुम्ही कपाट उघडून आणून दिलंत. त्या तारखेचं पान नव्हतं. आधीचं होतं, नंतरचं होतं, मधलं नव्हतं. शिवणीत कागदाची बारीक कड तेवढी राहिली होती. मी त्या कडेकडे पाहिलं, मग तुमच्याकडे. तुम्ही खिडकीबाहेर बघत होता.

फाडताना मी तुम्हाला पाहिलेलं नाही. हे मी स्वतःला दरवेळी आठवण करून देते. पाहिलेलं नाही. पण किल्ली एकच होती, भाऊ, आणि ती तुमच्या जानव्याला होती.

माझी बदली लायब्ररीत झाली, पुस्तकांची नावं टाइप करायला. येता-जाता पोरं म्हणायची, ही ती, मेल बुडवणारी. सहा महिन्यांनी मी नोकरी सोडली. घरी आईनं वर्षभर विचारलं, "काऊन सोडली व चांगली नौकरी?" मी सांगितलं, कंटाळा आला. वैशालीनं समुद्रपूरकडे एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायचं काम धरलं. वाईट झालं असं कोणी म्हणणार नाही. पण तिच्या वडिलांनी पेढे ज्याचे वाटले होते ते झालं नाही.

मी नागपूरला गेले आणि हेच काम धरलं. ज्या कंपन्यांत मी बॅकअप बघते तिथे दर महिन्याला एक मशीन मुद्दाम कोरी करून सगळं परत घालून पाहते. लोक म्हणतात, मॅडम फार कडक आहेत. तुमच्यामुळे माझं नाव झालं असंही कोणी म्हणेल. म्हणू दे. मी ते तुमच्या खात्यावर लावणार नाही.

एकदा तुम्ही भेटला होता. वर्धा स्टँडवर, दोन वर्षांपूर्वी. केस पांढरे झाले होते. मला पाहून थबकलात, पिशवी या हातातून त्या हातात घेतलीत. "कल्पना. चहा घेतं?" मी म्हणाले, "गाडी लागलीय." गाडी लागलेली नव्हती. तुम्ही मान हलवलीत आणि तिथेच उभे राहिलात, मी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत. तुम्हाला काही सांगायचं होतं का? की नुसता चहाच? त्या दिवशी माझी चूक असेल तर ती ही, की मी तो चहा घेतला नाही. पण तुम्हाला पाय होते, भाऊ. दहा पावलं होती. तुम्ही चालला नाहीत.

परवा तुमच्या तेरवीला आले. अंगणात मांडव, पंगती चालू. मी आत वहिनींपाशी बसले. तुमची रश्मी शेजारी येऊन बसली. तुमचंच नाक, तुमच्यासारखंच डोळे बारीक करून बघणं. पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणाली. थोडा वेळ ओढणीचं टोक पिळत राहिली आणि मग विचारलं, "आत्या, एक इचारू? त्या वेळची चूक तुमची होती का? कोणी तुमचं नाव काढलं की बाबा ताटावरून उठून जात. मी लहान नव्हते. मले कोणी सांगितलं नाही, पण काहीतरी होतं."

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तेराव्या दिवशी तर नाहीच. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याच धंद्यातली होती. तिला अर्धवट सांगून चाललं नसतं.

"अर्धी माझी," मी म्हणाले. "अर्धी तुझ्या बाबांची. आणि मीटिंगमध्ये खोटं बोलले ते एकटे."

मग सगळं सांगितलं. लिंक, सात शनिवार, मंगळवारचा तास, जामचे ते वडील, ते पान. सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण मान वर केली तर स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या, हातात बुंदीची परात.

"कल्पनाबाई," त्या म्हणाल्या, "आजच सांगाचं होतं का? काय भेटलं तुमाले सांगून?"

रश्मी म्हणाली, "आई, मीच इचारलं."

वहिनींनी परात खाली ठेवली आणि तिथेच उंबऱ्याशी बसल्या. बाहेर वाढणारे हाका मारत होते. मग वहिनी, माझ्याकडे न बघता, म्हणाल्या, "त्या हप्त्यात ते जेवतच नव्हते. मी म्हणे, का झालं, तं म्हणे मशीन बिघडली. पुढं मशीन तं सुधरली. हे काई सुधरले नाई." त्यांनी पदर तोंडाला लावला. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "उपाशी नका जाऊ."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. घास उतरत नव्हता, इतकं माहीत होतं. मला वाटायचं तुम्ही विसरून मजेत आहात, त्याचा राग होता. आता कळलं की विसरला नव्हता, तर राग कमी व्हायला हवा. नाही झाला. वाढला. सहा वर्षं दोघांनी एकच दगड दोन घरांत वाहिला, आणि तो उतरवायला तुमचं एक वाक्य पुरलं असतं.

मी हात धुतले आणि पंगतीत बसले. रश्मी घरची, तिनं शेवटच्या पंगतीला बसायचं. कोणीतरी तिला तसं म्हणालंही. तिनं ऐकलं नाही. माझ्या शेजारची पत्रावळ पुढे ओढून ती बसली, सगळ्या गोतावळ्यासमोर, आणि वाढणाऱ्याला म्हणाली, "आधी आत्याले वाढ."

मी तुम्हाला माफ केलेलं नाही, मधुकरभाऊ. जेवले मात्र पोटभर.